दुसरा सुटतोय

"दुसरा सुटतोय," मी घरात शिरता शिरता म्हणालो. बायकोला वाटलं, मुलाचा दुसराही क्लास सुटला. पहिला त्याने गेल्याच महिन्यात सोडला होता. बाबांनी मात्र पेपरातून मान वर न काढता विचारलं, "चढावर की सपाटीवर?"

"सपाटीवर."

"मग चढावर बघच आता."

दुसरा म्हणजे दुसरा गिअर, आणि सुटतोय म्हणजे टाकला तरी आपोआप निसटतोय. घरात स्कूटरची ही भाषा कळणारं हे एकच माणूस. बजाजची चेतक स्कूटर त्यांचीच. आकुर्डीच्या कारखान्यातून १९७२ पासून चेतक बाहेर पडू लागली आणि ती मिळवायला लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत. बाबांनी नंबर लावला तेव्हा माझा जन्म व्हायचा होता आणि गाडी दारात उभी राहिली तेव्हा मी पहिलीत होतो. बाबांनी जास्त वाट कुणाची पाहिली हे सांगायला नकोच.

ज्यांचं आयुष्य बटणाच्या गाड्यांवर गेलंय त्यांच्यासाठी सांगतो. हिचे गिअर पायात नाहीत, डाव्या मुठीत आहेत. क्लच दाबायचा आणि लिव्हरसकट अख्खी मूठ पिरगळायची. पहिल्यात लिव्हर आभाळाकडे बघतो, चौथ्यात जमिनीकडे. पहिल्या-दुसऱ्याच्या मधे न्यूट्रल. सिग्नलला ते शोधून सापडत नाही. सापडतं ते न मागता.

रविवारी पुण्याच्या चांदणी चौकाच्या चढावर असंच सापडलं. गाडी दुसऱ्यात, मागे बायको, तिच्या मांडीवर पाच किलो आंबेमोहोर. एकाएकी मुठीत खट्ट झालं, इंजिनाने टिपेचा सूर लावला आणि आम्ही जागच्या जागी. १५७६ साली हळदीघाटीत मूळ चेतकाने जखमी पायाने राणा प्रतापांना ओढ्यापार नेलं असं सांगतात. आमच्या चेतकाला तेवढं इतिहासाचं वेड नव्हतं. बायको उतरून चालू लागली. तांदूळ मात्र मी गाडीवरच ठेवला, या मुद्द्यावर पुढे घरात बरीच चर्चा झाली.

मग मी स्वतःच एक इलाज काढला. दुसरा पडला की मूठ तशीच पिळून धरायची, सोडायचीच नाही. दोन महिने हे जमलं. तळहाताला घट्टे पडले, चहाचा कपसुद्धा डाव्या हातात आला की आपोआप वळायला लागला. शेवटी तिसराही सुटायला लागला तेव्हा गाडी नाना पेठेत नेली.

तिथले मेकॅनिक चाचा गाडी चालवून बघत नाहीत. स्टँडवर लावतात, मूठ दोनदा फिरवतात आणि नाडी बघितल्यासारखे डोळे मिटतात.

"क्रॉस गेला."

क्रॉस म्हणजे काय ते त्यांनी खोक्यातून जुना काढून हातावर ठेवून दाखवलं. लोखंडाची चार पायांची चिमुकली फुली. पेटीत चारही गिअर कायम फिरतच असतात. ही फुली आतून सरकत ज्याच्यात पाय रोवेल तेवढाच गिअर चाकाला लागतो. मला आमचं ऑफिस आठवलं. चारही टेबलं दिवसभर कामात असल्यासारखी दिसतात, पण साहेब ज्या टेबलाशी उभे राहतील तिथलीच फाइल हलते. आमच्या गाडीतले साहेब झिजले होते. कडा गुळगुळीत, कुठे ठाम उभं राहणंच जमेना. जोर आला की बाहेर.

"शेवटचं ऑइल कधी बदललं?"

"बदललं म्हणजे? दर वेळी पेट्रोलमधे टाकतो की!"

चाचांनी पाना खाली ठेवला. शेजारच्या दुकानातला पोऱ्याही काम थांबवून ऐकू लागला.

"ते इंजिनचं. गिअरचं वेगळं असतं, पाव लिटर. खालून सोडायचं, बाजूने भरायचं. किती वर्षं झाली?"

गाडी माझ्याकडे आल्याला सात वर्षं झाली होती. मी "बरीच" म्हणालो.

त्यांनी खालचा बोल्ट सोडला. डब्यात जे पडलं ते ऑइल नव्हतंच, चिंचेचा कोळ होता, आणि त्यावर बर्फीसारखा चंदेरी वर्ख तरंगत होता. तो वर्ख म्हणजेच माझा क्रॉस. "आणि मूठ दाबून धरत होता ना? त्याने उरलेलाही गेला," चाचा म्हणाले. "गाडी चांगली आहे साहेब. हात बदलून मिळत नाही."

क्रॉसची किंमत दोन मिसळींच्या आसपास. पण तो बसतो सगळ्यात आत. त्यासाठी इंजिन उतरवून मधोमध फोडायचं, आणि फोडलंच आहे तर बेअरिंग, ऑइल सील, क्लचप्लेटा, पॅकिंग. "परत परत कोण खोलणार?" हे वाक्य ज्याने प्रथम उच्चारलं त्याचा नाना पेठेत पुतळा हवा. पाचव्या दिवशी गाडी मिळाली तेव्हा बिलावर क्रॉस अकराव्या ओळीत होता.

येताना मुद्दाम चांदणी चौकाकडून आलो. दुसरा पडला आणि तिथेच राहिला. माझा मात्र विश्वास बसेना. सवयीने मूठ पिळून धरलेलीच. माथ्यावर तिसरा टाकला, तोही जरा ठासून, आणि हँडलच्या आत काहीतरी टिंग करून तुटलं.

गिअरच्या वायरी दोन असतात, एक चढवते, एक उतरवते. उतरवणारी गेली होती. पौड रस्त्याच्या उतारावरून मी तिसऱ्यात निघालो. थांबलो तर पुन्हा हलणं कठीण. सिग्नल लांबून हेरत, वेग घालवत, एका आजोबांना लांबूनच नमस्कार करत, क्लच अर्धा दाबून गुरगुरत सोसायटीत शिरलो, वॉचमनभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि इंजिन बंद पडलं.

वर गॅलरीत बाबा पेपर घेऊन उभे होते.

"वायर तुटली वाटतं," ते म्हणाले. "कोपऱ्यापासून तिसऱ्यातच ऐकतोय."