गतिरोधक हवाय? सावकाश घ्या

शनिवार उजाडला की पुण्या-मुंबईच्या गाड्या तुमच्या वाडीतून सुसाट समुद्राकडे सुटतात आणि अंगणातली कोंबडीसुद्धा रस्ता ओलांडायला दचकते. तेव्हा गतिरोधक हवा, हे तुमचं म्हणणं रास्तच. घरात कोणाचं लग्नकार्य असेल तर तेवढं आधी उरकून घ्या.

पहिला अर्ज ग्रामपंचायतीत टाका. रस्ता त्यांचा नाही, असं कळेल. मग जिल्हा परिषद. तिथे सांगतील, सार्वजनिक बांधकाम खात्याकडे वर्ग झालाय. बांधकामवाले म्हणतील, कागद आलेला नाही. खचू नका, निदान रस्ता कोणाकोणाचा नाही हे तरी पक्कं झालं.

मग ग्रामसभा. तिला वेळेवर जायची चूक करू नका. कोरमला 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यात जे कमी तेवढे लागतात. आपली निम्मी यादी विरार-डोंबिवलीत. सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरमच लागत नाही! (हा नियम करणारा नक्की कोकणातलाच असणार.) ठराव तेव्हा उरकून घ्या. जागा मात्र लिहू नका. गतिरोधक अख्ख्या वाडीला हवा असतो, पण शेजाऱ्याच्या बेड्यासमोर, म्हणजे फाटकासमोर. रात्री मासळीचा टेम्पो त्यावर आदळला की रिकामे क्रेट जे खडखडतात, ते ऐकायला शेजारी आहेच.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि मधोमध 10 सेंटीमीटर उंच असावा, म्हणजे गाडी 25 च्या वेगाने अलगद पार होते. हे माप मुकादमाला सांगून त्याचा अपमान करू नका. संध्याकाळी उरलेली डांबर-खडी तो जिथे ओतेल तो गतिरोधक. उंची त्या दिवशी किती उरली त्यावर.

एवढा धीर नसेल तर आम्ही केलं ते करा. होडीचा जुना दोरखंड रस्त्यावर आडवा टाकून खिळे ठोका. गाड्या खरंच हळू झाल्या. काचा खाली करून लोक सोलकढी कुठे मिळते विचारू लागले. रात्री त्यावरून पहिला आडवा झालो तो मीच, स्कूटरवरच्या नारळांसकट. पांढरे पट्टे मारायचे राहिले होते.

चौथ्या दिवशी नोटीस आली: आमच्या मालकीच्या रस्त्यावर अनधिकृत अडथळा, तात्काळ काढावा. खाली सही, शिक्का, जावक क्रमांक. दोरखंड काढा, पण नोटीस फाडू नका. रस्ता कोणाचा, याचा लेखी पुरावा कुठल्याही अर्जाने मिळाला नव्हता. झेरॉक्स काढून ती पहिल्या अर्जाला जोडा.