फांतिनला कामावरून कोणी काढले?

तुरुंगातून सुटलेल्या जाँ वालजाँने चोरलेली चांदीची भांडी त्यालाच देऊन बिशपने केलेली क्षमा हाच व्हिक्टर ह्यूगोच्या 'ले मिझराब्ल' या कादंबरीचा (1862) गाभा आहे, असे एका लेखात म्हटले आहे; ते मला अर्धेच पटते. त्या क्षमेनंतर लगेचच वालजाँ एका लहान मुलाचे चाळीस सूंचे (सू म्हणजे फ्रान्समधील जुने किरकोळ चलन) नाणे पायाखाली दाबून ठेवतो आणि त्याला हुसकावून लावतो. तो ढसाढसा रडतो तो त्यानंतर. कादंबरीवर बेतलेल्या रंगमंचावरील संगीतिकेत हा प्रसंग नाही, त्यामुळे त्याचे परिवर्तन फारच सोपे वाटते.

मात्र मला अधिक खटकते ते कारखान्यात राबणाऱ्या, लग्नाविना आई झालेल्या फांतिनचे चित्रण. संगीतिकेत तिला कामावरून काढणारा मुकादम वासनांध आहे, त्यामुळे सारा दोष एका दुष्ट माणसावर ढकलून प्रेक्षक मोकळा होतो. कादंबरीत मात्र गावातील एक सोवळी बाई पदरचे पैसे खर्चून फांतिनच्या मुलीचा ठावठिकाणा शोधून काढते, आणि कारखान्यातील देखरेख करणारी बाई, आपण नीतीचेच रक्षण करतो आहोत अशा प्रामाणिक समजुतीने, महापौरांच्या नावे पन्नास फ्रँक तिच्या हातावर ठेवून तिला घरी पाठवते. ते महापौर आणि कारखान्याचे मालक म्हणजे नाव बदलून राहणारा खुद्द वालजाँ, आणि त्याला याचा पत्ताही नसतो! पुढे केस आणि समोरचे दोन दात विकण्याची पाळी तिच्यावर येते, ती अशा सज्जनांच्या गावात. वालजाँ तिच्या मुलीसाठी आयुष्य वेचतो, त्यामागे दयेइतकेच हे ऋणही आहे, आणि रूपांतरांत नेमके तेच पुसट होते.