माउस बाईंच्याच हातात राहू द्या

आमच्या शाळेत इंटरॅक्टिव्ह पॅनेल, म्हणजे फळ्यासारखा वापरायचा मोठा डिजिटल पडदा, बसवलं, त्याला आता वर्ष होईल. पहिले चार महिने त्यावर कव्हर होतं आणि रिमोट ऑफिसच्या कपाटात. "शिक्षकच वापरत नाहीत" असं पालकसभेत कुणीतरी म्हणालं, ते मला फार लागलं.

कारण प्रशिक्षण कसं झालं ते मी पाहिलंय. एका सभागृहात शंभरावर शिक्षक. पुढे एक जण भराभर क्लिक करतोय, मागच्यांना पडदाही धड दिसत नाही. मग हजेरी, ग्रुप फोटो, प्रमाणपत्राची लिंक. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकांनी वर्षाला किमान 50 तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलंय. जरूर द्यावेत. पण ते तास सभागृहातल्या खुर्चीवर मोजायचे की वर्गातल्या फळ्यापाशी, हा माझा प्रश्न आहे.

आमच्या भूमितीच्या बाई निवृत्तीला आल्यात. कंपास न घेता फळ्यावर असं वर्तुळ काढतात की मुलं बघत राहतात. त्या एकदा मला हळूच म्हणाल्या, "अगं, यंत्राची भीती नाही गं. चाळीस पोरांसमोर अडकले तर काय करू?" इतक्या वर्षांत वर्गावर बसवलेली पकड एका बटणापायी सुटेल, ही ती भीती आहे. तिला आळस म्हणणं अन्याय आहे.

मग शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही दोघी थांबू लागलो. एकच नियम ठरवला: माउस बाईंच्या हातात, मी हात लावायचा नाही. हे मला फार जड गेलं. त्या बटण शोधत असायच्या आणि माझी बोटं शिवशिवायची. पण आपण "द्या, मी करते" म्हणालो की समोरचा माणूस शिकायचा थांबतो.

सुरुवात मेनूपासून केलीच नाही. "शिकवताना कुठे अडतं?" एवढंच विचारलं. बाई म्हणाल्या, दहावीचं वर्तुळ. एकाच कंसात आंतरलिखित झालेले कोन एकरूप असतात, हे मुलं पाठ करतात, पण पटत नाही त्यांना. जिओजेब्रा हे गणिताचं सॉफ्टवेअर फुकट आहे, एकदा उतरवून घेतलं की इंटरनेटशिवायही चालतं. त्यात वर्तुळ काढलं, कोन मोजायला लावला आणि शिरोबिंदू त्याच कंसावर सरकवला. बिंदू फिरतोय, आकडा मात्र ढळत नाही. बाईंनी तो पाच-सहा वेळा फिरवला. मग जीवा ओलांडून पलीकडच्या कंसावर नेला, तर आकडा बदलला! दोन्ही मापांची बेरीज 180. "म्हणजे चक्रीय चौकोनाचं प्रमेय इथेच निघतं की!" हे मला सुचलं नव्हतं.

वर्गात त्यांनी त्याहून मोठी गोष्ट केली. बिंदू हलवण्याआधी मुलांना वहीत अंदाज लिहायला लावला. मी असते तर थेट फिरवून दाखवलं असतं. यंत्र मला चांगलं येतं, पण शिकवणं त्यांना येतं.

पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड टाकायची कल्पनासुद्धा परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी आधी स्वतःच्या वर्गात करून पाहिली होती. वर्गातल्या माणसाला उसंत मिळाली तर असं काही घडतं. आज ती उसंत माहिती भरण्यात आणि व्हॉट्सअॅपवर आलेल्या लिंक उघडण्यात जाते. मुख्याध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे: आठवड्याला एक तासिका मोकळी द्या, कपाटाची किल्ली द्या आणि पॅनेल बिघडलं तर शिक्षकाला जबाब द्यावा लागणार नाही, हे आधीच सांगून टाका.

आता बाई मराठीच्या सरांना शिकवतात. आम्ही चौघं झालोय. पेठांमधल्या शाळांतलं कुणी शनिवारी दुपारी येऊ शकत असेल तर मेसेज करा. लॅपटॉप नसला तरी चालेल, पण शिकवताना जिथे अडतं तो धडा घेऊन या.