तीस मुलं आणि एक टाचण

पालकांच्या आणि शिक्षिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेले काही महिने एक मजकूर फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: बालवाडीत ‘प्रत्येक मुलाला त्याच्या पातळीनुसार’ शिकवणं कागदावरच शोभतं. एका ताईनं तीस मुलांसाठी तीस टाचणं, म्हणजे पाठाच्या आखण्या, काढायच्या कधी? गट पाडले की मुलांवर शिक्के बसतात. सोपं करून दिलं की मूल पहिलीत मागे पडतं. ‘हे मूल डोळ्यांनी शिकतं, ते कानांनी’ या वाटणीलाही आधार नाही. आणि मुळात हे सगळं परदेशी खूळ आहे. एकच पाठ, एकाच वेळी, सगळ्यांना, हीच खरी समानता. माझ्या चार मैत्रिणींनी तो ‘अगदी पटलं’ म्हणून मला पाठवला. मी १९ वर्षं बालवाडीत शिकवते आहे. मला तो पटत नाही. पण त्यामागचा थकवा खरा आहे, म्हणून नुसतं ‘चूक’ म्हणून सोडून देता येत नाही.

आधी त्या तीस टाचणांचं बघू. तीस टाचणं कुणी मागतच नाही. टाचण एकच असतं, हेतूही एकच. मोठ्या शिशुवर्गात हेतू आहे ‘पाचपर्यंतची संख्या’. वर्गातली बहुतेक मुलं एक ते पन्नास घडाघडा म्हणतात, त्यामुळे पाहणाऱ्याला वाटतं, सगळी एकाच पायरीवर आहेत. आता तिघांपुढे पाच-पाच चिंचोके ठेवा. पहिल्या मुलीचं बोट हळू सरकतं आणि तोंड पुढे धावतं, तिचे चिंचोके सात होतात. दुसरा बरोबर मोजतो, पण ‘मग किती आहेत?’ विचारलं की पुन्हा एकपासून मोजायला लागतो. त्याच्या लेखी ‘पाच’ हे शेवटच्या चिंचोक्याचं नाव आहे, सगळ्या ढिगाचं नाही. तिसरी माझ्या मुठीकडे बघते आणि म्हणते, ‘तीन दिसतायत, म्हणजे दोन लपवलेत.’ या तिघांना मी फळ्यावर ५ काढून पाटीवर गिरवायला लावला, तर तिघांची पाटी सारखी भरेल. शिकणं मात्र कुणाचंच पुढे सरकणार नाही.

म्हणून त्याच सतरंजीवर, त्याच चिंचोक्यांनी काम जरा वेगळं करायचं. पहिल्या मुलीला अंड्यांचा रिकामा ट्रे द्यायचा: एका खळग्यात एकच चिंचोका, टाकताना एकच आकडा. दुसऱ्याला सांगायचं, ‘त्या कोपऱ्यातल्या टोपलीतून मला पाच आणून दे.’ चालत जाईपर्यंत त्याला पाच मनात धरून ठेवावे लागतात, आणि तिथेच ‘पाच’ सगळ्या ढिगाचे होतात. तिसरीला एका मैत्रिणीबरोबर लपवाछपवी खेळायला बसवायचं. टाचणात वाढल्या तीन ओळी. साहित्यात वाढला एक ट्रे.

कोण कुठे आहे हे कळण्यासाठी परीक्षा घ्यावी लागत नाही. मी रोज फक्त पाच मुलांकडे मुद्दाम लक्ष देते आणि घरी जाण्याआधी वहीत प्रत्येकाबद्दल एक ओळ लिहिते. सोमवार ते शनिवार सहा दिवस, म्हणजे आठवड्यात तीस मुलं होतात. ‘हुशार’, ‘दंगेखोर’ असले शब्द त्या वहीत लिहायचे नाहीत, जे दिसलं ते लिहायचं: ‘चारनंतर बोट आणि आकडा सुटतो’. पुढच्या आठवड्याचं टाचण या ओळींतूनच निघतं.

शिक्क्यांची भीती मला मान्य आहे. पूर्वी मी जिथे शिकवत होते तिथे जूनमध्ये मुलांना ‘ससे’ आणि ‘कासवं’ अशा टेबलांवर बसवलं, ते मार्चपर्यंत तसंच. दिवाळीच्या आत मुलांना कळलं होतं की आपण कोण. एक मुलगी आईला म्हणाली, ‘मी कासव आहे, मला नाही येत.’ ते वाक्य मी विसरलेले नाही. पण त्यातली चूक गट कायमचा करण्यात होती. चिंचोक्यांत मागे असलेलं मूल गोष्ट सांगताना सगळ्यांच्या पुढे असतं, म्हणून गट आजच्या कामापुरता, उद्या मोडलेला. आणि एकच पाठ सगळ्यांना दिल्यानं शिक्का टळतो, हे मला कधीच दिसलेलं नाही. रोज ज्याचं पान अर्धं राहतं आणि ज्याच्या वहीत रोज ‘अपूर्ण’ येतं, त्याला आपली जागा फार लवकर कळते.

‘सोपं केलं की मागे पडतं’ म्हणणाऱ्यांनी आधी वर्गातल्या मुलांच्या जन्मतारखा बघाव्यात. एकाच वर्गात जवळजवळ वर्षाचं अंतर असतं. चाळिशीतल्या माणसाला एक वर्ष म्हणजे काहीच नाही, चार वर्षांच्या मुलाचं ते पाव आयुष्य आहे. त्यात हातांचं बघा. मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्मताना ती सगळी कूर्चेची, म्हणजे मऊ आणि लवचीक असतात, पुढे एकेक करून कठीण होत जातात, आणि शेवटचं हाड प्राथमिक शाळेची वर्षं सरत येतात तेव्हा तयार होतं. मुलींमध्ये हे मुलग्यांच्या आधी घडतं. चाररेघी वहीत एक जण सफाईनं लिहितो आणि शेजारचा पेन्सिल मुठीत धरतो, तेव्हा त्याला आळशी म्हणण्याआधी हे आठवावं. त्याला कणीक मळू द्या, मणी ओवू द्या, चिमट्यानं राजमा उचलू द्या. हेतू तोच आहे, लिहिणारा हात. आणि ज्या पहिलीची एवढी धास्ती घातली जाते, ती २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात वेगळी उभी नाहीच: तीन ते आठ वर्षं हा सलग एक टप्पा धरला आहे, बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी त्यातच. पहिलीच्या दारात सगळ्यांनी एका रेषेत उभं राहावं, ही अट आपण घातलेली आहे.

परदेशी खूळ? या पद्धतीला आज जे ‘डिफरन्शिएटेड इन्स्ट्रक्शन’ हे इंग्रजी नाव आहे ते अमेरिकेतल्या अभ्यासकांमुळे रूढ झालं, हे खरं. पण काम आपल्याकडे त्याच्या खूप आधीचं आहे. गुजराती शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांनी भावनगरला १९२० मध्ये बालमंदिर सुरू केलं, ताराबाई मोडक त्यांच्याबरोबर काम करू लागल्या आणि १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसोरींचं साहित्य महाग होतं, ताराबाईंनी त्याऐवजी शिंपले, बिया, दगड हाती घेतले. १९४५ मध्ये त्या आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या, तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. वस्तीतली मुलं बालवाडीत येत नव्हती, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. आज गावोगाव ज्याला आपण अंगणवाडी म्हणतो, तो शब्द तिथला. पुढे कोसबाडला वारली मुलं गुरं राखायला जायची म्हणून शाळेत येईनात, तेव्हा कुरणावरच शाळा भरवली, तिचं नाव कुरणशाळा. मूल जिथे आहे तिथून सुरुवात करायची, हे पालघरच्या डोंगरात या दोघींनी करून दाखवलं. त्याला परदेशी म्हणणं मला सहन होत नाही.

एका मुद्द्यावर मात्र तो मजकूर बरोबर आहे. ‘हे मूल डोळ्यांनी शिकतं, ते कानांनी’ अशी वाटणी करून देणारी प्रशिक्षणं घेतली जातात, तिला आधार नाही. २००८ मध्ये चार अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी उपलब्ध संशोधन तपासलं, त्यांना तसा पुरेसा पुरावा मिळाला नाही. चिंचोके सगळ्यांनीच हातात घ्यायचे, बघायचे, मोठ्यानं मोजायचे. फरक पायरीचा करायचा, डोळ्या-कानांचा नाही.

राहिला थकवा. पन्नास मुलं आणि एकटी ताई असेल तर मी लिहिलेलं यातलं अर्धंही होणार नाही, हे मी अनुभवानं सांगते. अंगणवाडीत मदतनीस असते, पण तिची सकाळ खिचडीत आणि भांड्यांत जाते. खासगी शिशुवर्गांत बरेचदा तीही नसते. त्या लांबलचक मजकुरात वर्गासाठी दुसऱ्या ताईची मागणी एका ओळीतही नाही. पुढच्या पालकसभेत वहीची किती पानं झाली हे विचारण्याआधी, दुसरी ताई कधी येणार, ते विचारा.