वॉम्बॅटची भावकी आणि आमची यात्रा

यात्रा देवीची असते पण परीक्षा आमची, बेळगावच्या आसपास नांदायला आलेल्या कुठल्याही सुनेला विचारा. मटण खायला खानापूर, निपाणी, चंदगड कुठनं कुठनं माणसं येतात आणि त्यातल्या निम्म्यांचं आपल्याशी नातं काय ते फक्त सासूबाईंना माहीत, आणि त्या नेमक्या तेव्हाच देवळात. मग आपण ताटावरनं नातं काढायचं. तुळशीची माळ दिसली की धाकट्या काकांकडचे, कारण तिकडं सगळे वारकरी. आणि वरणभात वाढून वळावं तर शेजारी त्यांचाच सख्खा भाऊ नळी फोडत बसलेला.

आमचा भाचा प्राणीशास्त्र घेऊन बी.एस्सी. करतोय. मी कांदा चिरत होते आणि तो मदत म्हणून बघत होता. म्हणाला मामी, खाण्यावरनं नातं काढू नको, पिशवीवाल्या प्राण्यांत, म्हणजे कांगारूसारखं पोटाच्या पिशवीत पिल्लू वाढवणाऱ्यांत, तर नकोच नको. ऑस्ट्रेलियातला कोआला निलगिरीचा पाला खातो, जो सहसा कुणाला पचत नाही, म्हणून आई पिल्लाला आधी आपली पातळ विष्ठा चाटवते, पचवणारे जंतू पोटात जावेत म्हणून (हे त्यानं मी रश्शाला वाटण घालताना सांगितलं, वेळ बघा). आता हयात असलेल्यांत त्याचा सगळ्यात जवळचा कोण, तर बिळात राहून गवत खाणारा, चौकोनी लेंड्या टाकणारा वॉम्बॅट. बरं, इथवर ठीक, सगळे शाकाहारी. पण त्याच भावकीत होता थायलाकोलिओ, आता नामशेष झालेला पिशवीवाला सिंह, पक्का मटणवाला. पूर्वज पाला खाणारे, त्यामुळं सुळे जवळजवळ नाहीतच, तर ह्यानं पुढच्या दातांचेच सुळे केले आणि दाढांच्या सुऱ्या. 1859 मध्ये रिचर्ड ओवेन ह्या इंग्रज शास्त्रज्ञानं त्याला मांसाहारी म्हटलं तर बाकीचे कितीतरी वर्ष वाद घालत बसले, की छे, असल्या घराण्यातला आणि मटण?

मला तर सगळ्यात आवडला हनी पॉसम, हाही पिशवीवालाच, फुलातला मध आणि पराग सोडून काही खात नाही. असा एक तरी पाहुणा द्यावा देवानं.

बँडिकूटचं (आपली घूस नव्हे, तिकडचा पिशवीवाला) तर विचारूच नका. मागच्या पायाची दोन बोटं जुळलेली, कांगारूसारखी, आणि खालचे पुढचे दात बरेच, पिशवीवाल्यांतल्या मांसाहारी बाजूसारखे. कुठल्या पंगतीत बसवायचं? डीएनए काढला तरी एका तपासणीत एक, दुसरीत दुसरंच.

आणि मोनितो देल मोन्ते हा उंदराएवढा प्राणी राहतो दक्षिण अमेरिकेत, चिलीत, पण सोयरीक ऑस्ट्रेलियातल्या पिशवीवाल्यांशी, मध्ये अख्खा समुद्र, कारण पूर्वी अंटार्क्टिकावरून जमीन सलग होती. फ्रेडरिक सालाय नावाच्या शास्त्रज्ञानं ही सोयरीक 1982 मध्ये कशावरनं सांगितली, तर घोट्याच्या हाडांवरनं! मला काय आश्चर्य नाही वाटलं. 1956 ला राज्यांची रेघ पडली, चंदगड तिकडं गेलं, आम्ही इकडं राहिलो, म्हणून मावशीची मावशी राहत नाही होय?

तेवढ्यात चंदगडचे आलेच, पाच माणसं, एकही चेहरा ओळखीचा नाही. माळ नाही. मी सगळ्यांचे पाय बघून घेतले, काही कळलं नाही. मटण खाऊलासा काय, मी विचारलं.

"वैनी, पीस नको. रस्सा चालतोय."