दोन पांढऱ्या खुर्च्या आणि आमची हलगी

२०२५ च्या जानेवारीत पुण्याहून लेकीनं व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. मागं केळीची झाडं, खाली गवत आणि त्यात दोन पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या. माणूस एकही नाही. मला वाटलं, कुणाच्या तरी मळ्यात जावळाचं जेवण होतं आणि मंडपवाला दोन खुर्च्या विसरून गेला. तसं लिहिलंही तिला. उत्तर आलं, "पप्पा, हा अल्बम आहे. ऐका आधी."

बॅड बनी नावाचा गडी. राहणार पोर्तो रिको, म्हणजे कॅरिबियन समुद्रातलं अमेरिकेच्या ताब्यातलं बेट. अल्बमच्या स्पॅनिश नावाचा अर्थ, मी जास्त फोटो काढायला हवे होते. त्यातलं मला एक अक्षर कळत नाही. तरीही मागच्या दोन-तीन वर्षांत ऐकलेल्या सगळ्या अल्बमांत मी याला पहिला नंबर देतो. कारण सांगतो, पण जरा वळसा घेऊन.

आधी माझं ऐकणं कसं चालतं ते. मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी. राहायला मिरजेत. आधी सांगलीत गावभागात होतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फूट ओलांडले तेव्हा घरात पाणी शिरलं आणि लोखंडी कपाटातल्या चारशे-साडेचारशे कॅसेटी चिखलात गेल्या. त्यानंतर महिनाभर मी गाणंच ऐकलं नाही. मग लेकीनं मोबाइलवर ॲप टाकून दिलं, आणि जुनं परत गोळा करण्यापेक्षा नवं ऐकावं असं ठरवलं. सकाळी मिरज-सांगली एसटी, संध्याकाळी सांगली-मिरज. गर्दी धरून जायला अर्धा तास, यायला अर्धा तास. नियम एकच: अल्बम लावला की मधलं गाणं पुढं ढकलायचं नाही. मैफलीत कंटाळा आला म्हणून कुणी गवयाला 'पुढचा राग घ्या' म्हणतं का?

या नियमामुळं टेलर स्विफ्टच्या 'द टॉर्चर्ड पोएट्स डिपार्टमेंट'नं माझे दोन दिवस खाल्ले. २०२४ च्या एप्रिलमध्ये १६ गाणी आली आणि दोन तासांनी आणखी १५. एकूण ३१. बाई लिहिते चांगलं, त्यात वाद नाही, पण पंधराव्या गाण्याला वाटेतला विश्रामबागचा थांबा आला की तिसऱ्या गाण्याला आला हे मला चालीवरून सांगता येईना. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ आमच्या मिरजेचे. त्यांच्या काळात तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मिळायची. तेवढ्यात त्यांनी भैरवीतली 'जमुना के तीर' अशी मांडून ठेवलीय की आज शंभरेक वर्षांनीही मिरासाहेबांच्या उरुसात कुणी नुसता तो सूर लावला तरी लोक मान खाली घालून बसतात. स्विफ्टबाईंनाही ते कळलं असावं. २०२५ चा त्यांचा अल्बम १२ गाण्यांचा आहे.

बिली आयलिशचा 'हिट मी हार्ड अँड सॉफ्ट' दहा गाण्यांचा, पाऊण तासाच्या आतला. पोरगी कानात कुजबुजल्यासारखी गाते. एसटीच्या पत्र्याच्या आवाजात निम्मं ऐकूच आलं नाही, मग रात्री गच्चीवर ऐकला. आवडला. जास्त काही म्हणायचं नाही.

'द क्युअर' हा इंग्लंडचा जुना बँड. त्यांनी १६ वर्षांनी अल्बम काढला, 'साँग्स ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड', २०२४ च्या नोव्हेंबरात. पहिल्याच गाण्यात पहिली तीन मिनिटं गाणारा तोंड उघडत नाही. लेक म्हणाली, "किती रटाळ सुरुवात आहे." मी म्हटलं, अगं, आम्ही मिरजेच्या अंबाबाईच्या देवळात गाणं ऐकत नवरात्रात रात्र-रात्र बसलेली माणसं. तानपुरे जुळेपर्यंतच आमची वीस मिनिटं जायची. तीन मिनिटं म्हणजे नुसतं पान लावणं झालं! रॉबर्ट स्मिथ आवाज लावतो तेव्हा कळतं, एवढं थांबवलं ते उगाच नव्हतं. आई-वडील, भाऊ गेल्यावरचा म्हातारपणीचा आवाज आहे तो. आठच गाणी. एकही काढून टाकता येणार नाही.

दिल्लीच्या ब्लडीवूड या मेटल बँडचा 'नू देल्ही' मी भर बसमध्ये लावला, ही चूक. ढोल आणि मेटल गिटार एकत्र, आणि पंजाबी-हिंदीत आरडाओरडा. शेजारच्या आजींनी दोनदा बघितलं. हेडफोनमधून बाहेर येत होतं सगळं. तीन गाणी मस्त, त्यात फोडणीवरचं एक तर धमालच. चौथ्यापासून माझं डोकं दुखायला लागलं. वयाचा दोष असेल.

आता जिथं मला थांबायचंय तिथं येतो.

बॅड बनीची सगळी कमाई रेगेटनवर. म्हणजे आपल्याकडं डीजेवर जो ठेका बदाबदा पडतो त्याचाच तिकडचा भाऊ. हा गडी जगातल्या सगळ्यांत जास्त ऐकल्या जाणाऱ्या गायकांपैकी एक. त्यानं आणखी पाच वर्षं तेच केलं असतं तरी कुणी नाव ठेवलं नसतं. पण या अल्बमात तो घरी गेला. साल्सा हे तिकडचं नाचायचं संगीत घेतलं, तेही खऱ्या वादकांचं, राजधानी सॅनह्वानच्या संगीत शाळेतली तरुण पोरं बसवून. आणि 'प्लेना' घेतला. हे प्लेना काय म्हणून मी शोधलं आणि बसमध्ये सरळ होऊन बसलो. हातात धरायची चामड्याची कडी, लहान-मोठ्या तीन मापांची, आणि भोवती गोळा होऊन गाणारी कष्टकरी माणसं. गावात काय घडलं ते गाण्यातून सांगायचं. तिकडं त्याला 'गायलेलं वर्तमानपत्र' म्हणतात.

अहो, ही शाहिरी झाली! वाटेगावच्या अण्णाभाऊंनी दुसरं काय केलं?

त्याच अल्बमात एक गाणं आहे, हवाईचं जे झालं ते आमचं होऊ देऊ नका असं सांगणारं. बाहेरचे पैसेवाले येतात, किनारे घेतात, पोरं गाव सोडतात. शब्द मला लेकीनं समजावले. पण त्याआधीच ते गाणं दु:खाचं आहे हे कळलं होतं. आणि यूट्यूबवर गाण्यांबरोबर पोर्तो रिकोचा इतिहास पाटीवर लिहिल्यासारखा येतो, एका इतिहासाच्या प्राध्यापकाकडून लिहून घेतलेला. नाचायच्या गाण्याखाली इतिहास! हे धाडस आहे राव.

हेच बियॉन्से या अमेरिकेच्या काळ्या गायिकेनं 'काउबॉय कार्टर'मध्ये केलं. अल्बम लांब आहे, २७ तुकडे, त्यातले सात-आठ मी कात्रीनं कापले असते. पण मुद्दा जबरदस्त. कंट्री हे अमेरिकेत गोऱ्यांचं गाणं समजलं जातं. आणि त्या गाण्याची ओळख असलेला बँजो मुळात आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांबरोबर आलेला. ज्यांचं वाद्य, त्यांनाच दारात उभं केलं. बियॉन्सेनं बँजो वाजवायला रियानन गिडन्सला बोलावलं, जिनं हाच इतिहास आयुष्यभर सांगितलाय, आणि लिंडा मार्टेल या जुन्या काळ्या कंट्री गायिकेला अल्बमात मानानं बोलतं केलं. म्हणजे हे नुसतं गाणं नाही, सातबाऱ्यावर नाव लावून घेणं आहे.

हे ऐकताना माझ्या डोक्यात हलगी, म्हणजे आमच्याकडची चामड्याची कडाडणारी कडी, सुरू झाली ती अजून थांबलेली नाही.

सांगली-मिरजेनं जगाला काय दिलं म्हणून विचारलं की आपण भराभरा सांगतो. विष्णुदास भावे, १८४३, सीतास्वयंवर. नागठाण्याचे बालगंधर्व. सांगलीत जन्मलेल्या आशाताई. मिरजेची सतार आणि तानपुरा, ज्यांना २०२४ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनही मिळालं. मलाही अभिमान आहे. सतारमेकर गल्लीतून जाताना वाळत ठेवलेले भोपळे दिसले की अजून पाय रेंगाळतो. सतारवादक अनुष्का शंकरचे 'चॅप्टर' मालिकेतले तीन छोटे अल्बम ऐकताना वाटतं, आमच्या गावाच्या वाद्याचं किती नशीब! पहिल्याची निर्मिती गायिका अरुज आफताबची. तिचा स्वतःचा 'नाइट रेन'ही ऐकाच. अठराव्या शतकातल्या हैदराबादच्या माहलका बाई चंदाची शायरी तिनं आजच्या ब्रुकलिनच्या रात्रीत नेऊन बसवलीय. लाहोरात वाढलेली पोरगी आमच्या दख्खनची कवयित्री गाते आणि आम्हाला तिचं नाव माहीत नाही.

आता 'संगीत मानापमान'. २०२५ च्या जानेवारीत सिनेमा आला, शंकर-एहसान-लॉयचं संगीत. काकासाहेब खाडिलकर आपल्या सांगलीचे, नाटक १९११ चं, त्यामुळं मी घरचं कार्य असल्यासारखा गेलो. गायकीला नाव ठेवणार नाही. पण जुन्या पदांत ऑर्गन आणि तबला यांच्या मधे जी मोकळी जागा असायची, जिथं गाणारा हवं तेवढं रेंगाळायचा, 'वन्समोअर' आला की वेगळ्या वाटेनं परत यायचा, ती जागा व्हायोलिनच्या ताफ्यानं भरून टाकलीय. चकचकीत आहे. श्वास घ्यायला जागा नाही. पेढीवरच्या पोरांना आवडलं, मग माझं सोडा.

तर सतारीला दिवाणखाना मिळाला, नाट्यपदाला रंगमंच मिळाला, आता सिनेमाही मिळाला. हलगीला काय मिळालं? रस्ता. कुस्तीचं मैदान, बैलगाडीची शर्यत, लग्नाची वरात, पुढाऱ्याच्या स्वागताची कमान. हलगी, सोबतीचं घुमकं आणि कैताळ (झांजा) सुरू झालं की फडावरचा पैलवान सोडा, मैदानाबाहेरचा भेळवालाही मांडीवर ठेका धरतो. पण कार्यक्रम संपला की वाजवणारा बाजूला उभा राहून पाकिटाची वाट बघतो. त्याचं नाव पत्रिकेत नसतं. 'हलगी पथक' एवढंच. वाजवणारे हात कुठल्या वस्तीतले हे गावात सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. म्हणून बँजोची गोष्ट ऐकून मी हललो, स्वतःच्या चावडीसमोरची मात्र पन्नास वर्षं ऐकू आली नाही.

झाकीरभाईंची आठवण येते इथं. २०२४ च्या फेब्रुवारीत एका रात्रीत तीन ग्रॅमी, त्यातली एक त्यांच्या 'शक्ती' बँडच्या 'धिस मोमेंट' अल्बमची. डिसेंबरात ते गेले. तो अल्बम मी अजून पूर्ण ऐकू शकलेलो नाही, नियम मोडून मधेच थांबवतो. एके काळी तबलजी म्हणजे मागं बसणारा. बिदागीही मागची. अल्लारखाँ, झाकीर यांनी तबला ओढून पुढं आणला, त्याला मधोमध बसवलं. म्हणजे हे होऊ शकतं.

मराठीत नवं काही होत नाही असं नाही. क्रेटेक्स आणि श्रेयसचं 'तांबडी चामडी' २०२४ मध्ये आलं आणि आमच्या गल्लीतल्या गणपतीत त्यानं उच्छाद मांडला. मीही नाचलो, खोटं कशाला बोलू. मराठी शब्दांवर 'हाऊस' या परदेशी नाचाच्या संगीताचा ठेका. मजा आहे. पण ते एक गाणं. मला पूर्ण तास हवाय. हलगीच्या एका कडाडण्यावर सुरू होणारा, मधे कुणीतरी या नदीचं, पुराचं, उसाच्या बिलाचं, पुण्याला गेलेल्या पोरांचं गायलेलं, आणि कव्हरवर वाजवणाऱ्यांची नावं आडनावासकट.

मी एक प्रयत्न केला, फजिती झाली. मागच्या यात्रेत मैदानाच्या कडेला उभं राहून मोबाइलवर चार मिनिटं रेकॉर्ड केली. घरी येऊन लावली तर पत्रा फाटल्यासारखा आवाज. मोबाइलच्या माइकला हलगी झेपत नाही. मग जिल्ह्यातल्या एका स्टुडिओवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "काका, माणसं कशाला आणताय? कीबोर्डमध्ये हलगीचा सॅम्पल आहे, दोन हजारात करून देतो." मी चहा न पिता उठलो.

त्याच यात्रेतल्या एका हलगीवाल्या मामांना हे सांगितलं. साठी उलटलेली, बोटांना घट्टे. कातडं ताठ व्हावं म्हणून कागद पेटवून हलगी शेकत होते. बराच वेळ हसले. म्हणाले, "येतो की वाजवायला. रात्रभर वाजवतो. पण पाव्हणं, त्या एसीच्या खोलीत हिचं कातडं उतरतंय. मधे-मधे शेकाय लागंल."

तेव्हा सांगली, मिरज, कोल्हापूर, कुठंही चालेल: खोलीच्या दाराशी जाळ करू देणारा स्टुडिओ कुणाच्या ओळखीत असेल तर कळवा. पैशाचं बघू, हळदीला यंदा दर बरा आहे.