घंटेतले सात धातू आणि सात सेकंद

सणासुदीला एक संदेश हमखास फिरतो. देवळातली घंटा म्हणे कॅडमियम, शिसं, तांबं, जस्त, निकेल, क्रोमियम आणि मँगनीज ठरावीक प्रमाणात मिसळून ओततात. तिचा नाद सात सेकंद टिकतो, सात चक्रांना स्पर्श करतो, डावा-उजवा मेंदू एक करतो, हवेतले जंतू मारतो आणि म्हणून मन शांत होतं. मन शांत होणं अनेकांच्या अनुभवाचं असतं, त्यामुळे बाकीचंही खपून जातं.

आधी धातू. चांगली घंटा कांशाची: साधारण ७८ भाग तांबं, २२ भाग कथील. संदेशाच्या यादीत नेमकं कथीलच नाही! कथील फार वाढवलं तर घंटा ठिसूळ होते आणि टोल्यानेच तडा जातो. स्वस्तातली घंटा पितळेची, म्हणजे तांबं आणि जस्त. शिसं जास्त झालं तर नाद मरतो. कॅडमियमची गोष्ट तर भलतीच: ते ७६७ अंश सेल्सिअसला उकळतं आणि तांबं वितळायलाच १०८५ अंश लागतात. वितळलेल्या तांब्यात ते टाकलं तर विषारी धूर थेट ओतकाम करणाऱ्याच्या फुफ्फुसात जाईल.

आता सात सेकंद. नाद किती टिकेल हे घंटेचा आकार, काठाची जाडी आणि सभामंडप किती घुमतो यावर ठरतं. टोल्याबरोबर अनेक स्वर एकदम उठतात. उंच स्वर लवकर विरतात, सर्वांत खालचा रेंगाळतो. शेवटी ॐकारासारखा जो गुंजारव ऐकू येतो, तो हाच. दोरी ओढून धरून ठेवली तर लोलक काठाला टेकून राहतो आणि नुसतं ‘ठक्’ होतं. काठाला बोट लागलं तरी तेच. शिवाय आरतीत पुजाऱ्याच्या हातातली घंटी सेकंदाला दोन-तीनदा वाजते, सात सेकंदांची सवड कुठे मिळते? या हिशेबाने आरतीत एकही चक्र जागं व्हायला नको.

मेंदूचे दोन भाग एक करायला घंटा लागत नाही. कोट्यवधी मज्जातंतूंचा जाड पट्टा त्यांना जन्मापासून जोडून असतो, आणि एका कानातला आवाजही दोन्ही बाजूंना पोचतो. जंतूंचं थोडक्यात: ध्वनीने ते मारायचे तर द्रवात, अतितीव्र ध्वनिलहरी लागतात. तेवढी तीव्रता घंटेपाशी असती तर आधी भाविकांचे कान गेले असते.

मग घंटा ऐकून डोळे का पाणावतात? १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत आल्या. नाशिकला नारोशंकराची, भीमाशंकरची, वाईजवळ मेणवलीची. मेणवलीच्या घंटेवर तर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. धातू तोच, कंपनं तीच. पण एकीकडे प्रार्थनेची हाक, दुसरीकडे महादेवाचं दर्शन. फरक ऐकणाऱ्याच्या आठवणीत आणि श्रद्धेत आहे. परदेशातला मराठी माणूस फोनवर गावच्या आरतीचं रेकॉर्डिंग लावतो. फोनच्या इवल्या स्पीकरमधून तो खालचा गुंजारव जवळजवळ येतच नाही, तरी गळा दाटून येतो. काम कंपनसंख्येचं असतं तर ते तिथेच अडलं असतं.

परंपरेनेही चक्रांचा हवाला दिलेला नाही. पूजेत घंटा वाजवताना म्हणतात, ‘आगमार्थं तु देवानां गमनार्थं तु रक्षसाम्’: देवांनी यावं, राक्षसांनी जावं. हे आवाहन आहे, आणि आवाहनाला प्रयोगशाळेचा दाखला कशाला हवा?

मोजून पाहण्याजोगं हवंच असेल, तर ते जपात सापडतं. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की लॅटिनमधली रोझरी, म्हणजे ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना म्हणा किंवा ‘ॐ मणिपद्मे ॐ’ हा मंत्र, दोन्हींत श्वास मिनिटाला सुमारे सहावर येतो आणि हृदयाची लय त्याच्याशी जुळते. धर्म दोन, भाषा दोन, श्वासाची गती एक. घरी करून पाहायचं तर एक आवर्तन श्वास घेण्यासकट दहा सेकंदांत बसवा. ओढूनताणून श्वास लांबवू नका. गरगरायला लागलं तर थांबून नेहमीसारखा श्वास घ्या.